आबांचं पवित्र शास्त्र पुन्हा बांधून घेतलं: जालन्यातल्या एका बाइंडरचा अनुभव

पाचपैकी चार तारे. पाचवा सूतभर कागदापायी गेला, ते पुढे येईलच.

दुकानाला पाटी नाही. जुन्या जालन्यात गांधी चमनपासून पायी दहा मिनिटं, एका बोळाच्या आत. बोळाच्या तोंडाशी पिठाची गिरणी आहे. तिथं "बाइंडिंगवाले चाचा" म्हटलं की गिरणीवाला मान वर न करता पिठाळलेलं बोट दाखवतो. खोली जेमतेम आठ बाय दहाची. भिंतीला शाळांचे कॅटलॉग, वकिलांच्या फायली, कुणाची तरी हळदीकुंकवाचे डाग पडलेली ज्ञानेश्वरी, सगळ्यात वरच्या फळीवर कापडात गुंडाळलेले कुराणाचे दोन जुने ग्रंथ. मधोमध चाकाचं कटिंग मशीन आणि एक लाकडी शिकंजा, जो चाचांच्या वडिलांचा. बसायला एक स्टूल आहे, पण त्यावर कायम खळीचं भांडं असतं, म्हणजे तुम्ही उभ्यानंच बोलायचं.

मी दिलेलं पुस्तक म्हणजे माझ्या वडिलांचं, आबांचं, पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल. छापल्याचं साल असलेलं पान केव्हाच गळून पडलंय, पण आतल्या कोऱ्या पानावर आबांच्या अक्षरात "१९६९" आहे. आबा मिशनच्या शाळेत मास्तर. आमचं मूळ बेथेलचं. १८४३ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतलेल्या रेव्हरंड नारायण शेषाद्रींनी पुढे निजामाच्या मुलखात जालन्याजवळ वसवलेलं ते गाव. त्यामुळे आमच्याकडे घरात भांडी कमी असतील, पण शास्त्र प्रत्येकाचं वेगळं. आबांच्या शास्त्राची पाठ निघालेली, स्तोत्रसंहितेपाशी पुस्तक आपोआप उघडायचं आणि प्रकटीकरणाची शेवटची पानं मी रबरबँड लावून धरली होती.

"नवीन घेऊन टाक की," असं तीन जणांनी सांगितलं. नवीन आहे माझ्याकडे, मोठ्या अक्षरांचं. मोबाइलवरही आहे, रात्री लाइट गेली तर तेच वाचते. पण आबांच्या पुस्तकाच्या कडांना पेन्सिलीनं लिहिलेलं आहे. तारीख, दोनचार शब्द आणि पुष्कळ ठिकाणी शेवटी एकच शब्द: "हवाली."

हा शब्द आमच्या चर्चमध्ये फारसा ऐकू येत नाही. तिथं "समर्पण" म्हणतात. समर्पण म्हटलं की मला व्यासपीठ, माइक आणि डोळे मिटून हात वर करा असं सांगणारा पाहुणा प्रचारक दिसतो, आणि त्याच्या मागोमाग दानाची पिशवी. हवाली हा साधा शब्द. गाय हवाली करतात, किल्ल्या हवाली करतात, शाळेचा चार्ज हवाली करतात. एकदा दिल्यावर खिशात दुसरी किल्ली ठेवायची नसते, एवढाच त्याचा अर्थ.

तर जुलैत पुस्तक घेऊन गेले. चाचांनी हात पुसले, पुस्तक घेतलं, आणि मला सगळ्यात आवडलेली गोष्ट केली. उघडून वाचत बसले नाहीत, आधी पाठीवरून अंगठा फिरवला. डॉक्टर पोट तपासतात तसा. मी चौतीस वर्षं मिशन दवाखान्यात स्टाफ नर्स होते, तपासणारा हात मला कळतो.

"जुजबंदी आहे," म्हणाले. म्हणजे पानं सुटी करून नुसती चिकटवलेली नाहीत, बत्तीस-बत्तीस पानांचा एकेक जुज घडीतून दोऱ्यानं शिवलेला आहे. मधे कुणीतरी सरस ओतून ठेवलाय, तो खरवडावा लागेल. कागद इतका पातळ की सुई सरळ गेली नाही तर घडी फाटेल. फाटलेल्या घड्यांना आधी पातळ कागदाची पट्टी लावायची, मग शिवायचं. खळ मैद्याची, त्यात मोरचूद घालणार, म्हणजे कसर लागत नाही. पुठ्ठा नवा, वर काळं रेक्झीन, साडेसहाशे रुपये, तीन आठवडे.

"वरून कव्हर लावून नाही भागणार का?" मी विचारलं.

"भागेल. दोन वरस. फिर येईच लेके आओगे." मग मराठीत, जरा समजुतीच्या सुरात: "सिस्टर, उसवल्याबिगर शिवता येत नाही."

(आमच्या पाळकसाहेबांनी हे वाक्य माझ्याकडून ऐकलं तेव्हा त्यांचे डोळे चमकले. त्यांना तिथंच सांगितलं, साहेब, पुढच्या रविवारच्या संदेशात ऐकू आलं तर मी उठून जाईन. अजून तरी आलेलं नाही.)

आता हे पुस्तक मला याच दिवसांत का बांधून हवं होतं ते सांगायला हवं, नाहीतर पुढची तक्रार कळणार नाही.

मे अखेरीला मी रिटायर झाले. मुलगा पुण्यात, त्याचं म्हणणं जालन्याचं घर विकून तिकडे ये. दुसरीकडे अंबड तालुक्यातल्या एका गावात मंडळीनं, म्हणजे चर्चनं, चालवलेला दोन खोल्यांचा दवाखाना आहे. डॉक्टर आठवड्यातून दोनदा येतात, बाकीचे दिवस बघायला कुणी नाही. त्यांनी विचारलं, सिस्टर, एक वर्ष तरी या. मी दोघांनाही तेच उत्तर दिलं: "प्रार्थना करतेय. प्रभूची इच्छा कळू दे."

खरं सांगायचं तर प्रार्थना फार करत नव्हते, टाळत होते. आपल्या लोकांत हे वाक्य पांघरुणासारखं वापरायची सवय आहे. प्लॉट विकायचं आधी ठरतं, "प्रभूनं सांगितलं" मागून येतं. स्थळ पसंत नसलं की "आत्म्याची साक्ष मिळत नाही." कुणी उलट विचारत नाही, कारण देवाचं नाव आल्यावर विचारायचं कसं? मीही त्यातलीच निघाले. पुणंही नको होतं आणि ते गावही नको होतं. मला हवा होता माझा जुना वॉर्ड, सकाळच्या पाळीचा चहा आणि कुणीतरी "सिस्टर" म्हणून मारलेली हाक. ते मिळणार नव्हतं, म्हणून मी प्रभूला ताटकळत ठेवलं होतं.

आमच्या जुन्या मेट्रनबाई मेथडिस्ट मंडळीतल्या. त्यांच्याकडे वर्षाच्या सुरुवातीला कराराची उपासना होते. जॉन वेस्लीनं १७५५ मध्ये लंडनमध्ये सुरू केलेली ही पद्धत. तीत देवाला म्हणायचं असतं की मी आता माझा नाही, मला तुझ्यासाठी कामाला लाव नाहीतर तुझ्यासाठी बाजूला ठेव. आम्ही पोरी त्याची थट्टा करायचो, ड्यूटी लागली तरी प्रभूची, ऑफ लागला तरी प्रभूचा. रिटायर झाल्यावर पहिल्या सोमवारी सकाळी सहाला जाग आली, उठायचं काही कारण नव्हतं, तेव्हा त्या प्रार्थनेतला "बाजूला ठेव" हा भाग पहिल्यांदा कळला. तो म्हणायला फार अवघड आहे. कामाला लाव हे कुणीही म्हणेल.

म्हणून आबांच्या कडांमध्ये शोधायचं ठरवलं होतं. आबांच्या सारख्या बदल्या झाल्या, त्यांनी काय केलं, कसं ओळखलं, ते सगळं तिथं लिहिलेलं असणार. पुस्तक हातात धरलं की पानं गळायची, म्हणून आधी बांधून घ्यावं.

तीन आठवडे सांगितले होते, चौथ्याला गेले. चाचा म्हणाले, शाळांचं काम आलंय. पाचव्याला गेले. सहाव्याला गेले तेव्हा पुस्तक उसवलेलं होतं, आणि ते बघून माझ्या पोटात गोळा आला. आबांचं शास्त्र म्हणून काही उरलंच नव्हतं. फळकुटावर अठ्ठेचाळीस जुज ओळीनं मांडलेले, मधून लोंबणारे जुने दोरे, एका टोपलीत सरसाचे पिवळे कपचे. जुना पुठ्ठा खिडकीला टेकवलेला, त्यावर कुणाचा तरी चहाचा ग्लास. ग्लास मी उचलला आणि न बोलता खाली ठेवला. चाचांनी ते पाहिलं.

"सिस्टर, छोड के जाओ ना किताब. रोज रोज देखने आए तो मेरे हात थरथरते."

मी चिडले. म्हटलं, पानं मागेपुढे झाली तर? तुम्हाला कुठं ठाऊक, गणनाच्या पुस्तकानंतर अनुवादाचं पुस्तक येतं ते? त्यांनी शांतपणे जुजाच्या कोपऱ्यातला पानाचा आकडा दाखवला. आकडे सगळ्यांना येतात. तरी म्हणाले, बघून घ्या एकदा, तुमचं समाधान होऊ द्या. मग मी उभ्याउभ्या जुन्या कराराचे जुज तपासले. नव्या कराराचे शिवून शिकंज्यात गेले होते, ते काढायला त्यांनी नकार दिला. दाब मधेच सोडला की पाठ वाकडी बसते म्हणे.

त्या तासाभरासाठीच खरं तर हे लिहितेय. पुस्तक बांधलेलं असताना आपण हवं ते पान उघडतो, नको ते आपोआप वगळलं जातं. सुटे जुज एकेक हातात घेतले की सगळं दिसतं.

गणनाचा नववा अध्याय. इस्राएल लोक रानात आहेत, निवासमंडपावर ढग उतरतो. ढग हलला की निघायचं, थांबला की थांबायचं. कधी दोन दिवस, कधी महिना, कधी वर्ष. किती दिवस ते आधी सांगत नाहीत. आबांनी कडेला लिहिलंय: "बदल्यांचा अध्याय. बिऱ्हाड बांधून ठेवावे." मी हसले. तुमच्या-आमच्यासारख्यांना नकाशा हवा असतो, मिळतो ढग. आणि मास्तरांना तर ढगाऐवजी मिशन सोसायटीचं पत्र.

शास्त्यांच्या सहाव्यात गिदोन देवाला म्हणतो, लोकर तेवढी ओली होऊ दे आणि जमीन कोरडी. तसं होतं, तर दुसऱ्या रात्री उलटं मागतो. आमच्याकडे "लोकर घातली" असा शब्दच आहे, चिन्ह मागितलं या अर्थानं. आबांचा शेरा: "देवाने सहन केले. शिफारस केलेली नाही." मास्तरांचा शेरा, प्रगतिपुस्तकात शोभेल असा.

नीतिसूत्रांच्या तिसऱ्यात आपल्याच बुद्धीवर अवलंबून राहू नकोस असं आहे, ते सगळ्यांचं पाठ असतं. त्या "आपल्याच" मधल्या च खाली आबांनी दोन रेघा ओढल्यात. बुद्धी वापरू नकोस असं म्हटलेलं नाही, एवढं त्या दोन रेघांत आलं. मला एखाद्या संदेशात हे ऐकायला आवडलं असतं.

मग स्तोत्रसंहिता. १२१ वं, जाणंयेणं राखणाऱ्या देवाचं. कडेला पेन्सिलीनं: "३०-९-९३. पोर किल्लारीला निघाली. हवाली." आणि त्याच्याखाली निळ्या शाईनं, वेगळ्या दिवशी: "११-१०. आली."

मी सत्तावीस वर्षांची होते. अनंत चतुर्दशीची रात्र, विसर्जन करून लोक झोपलेले, पहाटे चारच्या सुमाराला भूकंप. जाड जाड दगडमातीच्या भिंती झोपेतल्या माणसांवर आल्या. आमच्या दवाखान्याची जीप दुपारी निघाली, त्यात मी होते. निघताना आबांनी काय केलं होतं ते मला नीट आठवतं. स्वेटर घेतला का विचारलं, पार्लेचे दोन पुडे पिशवीत कोंबले आणि ड्रायव्हरला सांगितलं की गाडी हळू चालवा. प्रार्थना करू या असंसुद्धा म्हणाले नाहीत. मला तेव्हा वाटलं होतं, आबांना फारसं काही वाटलेलं नाही. त्या दोन ओळी मी बत्तीस वर्षांनी चाचांच्या दुकानात उभी राहून वाचल्या. मधल्या अकरा दिवसांबद्दल आबांनी काहीही लिहिलेलं नाही.

चाचा सुई ओवत होते. त्यांनी विचारलं, "ये हवाली क्या लिखे सब जगा?"

सांगितलं. म्हणाले, "हौ, हमारे में तवक्कुल बोलते." थोड्या वेळानं दोरा दातानं तोडून: "पर ऊंट पैले बांधना पडता. फिर तवक्कुल." हे त्यांच्याकडच्या हदीसमध्ये आहे म्हणे. आबा असते तर स्टुलावरचं भांडं खाली ठेवून तासभर बसले असते.

आणखी एक पान सांगते. यिर्मयात कुठंतरी, तारीख १९८१ ची: "प्रभूचे मार्गदर्शन म्हणून हेडमास्तरकी नाकारली." आणि खाली, बऱ्याच वर्षांनी, थरथरत्या अक्षरात: "माझे चुकले. ती भीती होती." मला हे वाचून धक्का बसला नाही, उलट हायसं वाटलं. ज्याला देवाच्या नावावर खपवलेली स्वतःची भीती पुढे ओळखता आली, त्याच्या बाकीच्या "हवाली"वर माझा विश्वास बसतो.

घरी आले. त्या रात्री पहिल्यांदा टाळाटाळ न करता प्रार्थना केली. माझ्या मोबाइलमध्ये शुभवर्तमानांच्या पानांचे फोटो आहेत. देण्याआधी काढत होते, मत्तयपासून योहानापर्यंत आले आणि मोबाइलची जागा संपली. त्यात लूकच्या बाविसाव्या अध्यायाजवळ आबांचं अक्षर आहे: "आधी मागितले. मग सोपवले." गेथशेमाने बागेत प्रभूनं हा प्याला दूर कर असं आधी सरळ म्हटलं. माझ्या नाही, तुझ्या इच्छेप्रमाणे होऊ दे, हे त्यानंतरचं. आम्ही भाविक लोक पहिलं वाक्य गाळून थेट दुसऱ्यावर येतो, आणि मग दुसरं पोकळ वाजतं. म्हणून मी आधी सगळं मागून घेतलं: वॉर्ड, चहा, हाक. मोठ्यानं. शेजारच्या काकूंनी सकाळी विचारलं, रात्री कुणाशी भांडत होतीस?

बाकी आकाशवाणी वगैरे काही झाली नाही. दुसऱ्या आठवड्यात एसटीनं अंबडच्या बाजूला जाऊन तो दवाखाना बघून आले. एक खोली औषधांची, एक पेशंटची, नळाला एक दिवसाआड पाणी. मी बाकावर बसले होते तेवढ्यात एक बाई आल्या, डोकं दुखतंय म्हणून. बीपी एकशेनव्वद. गोळ्या दोन महिन्यांपासून बंद, कारण संपल्या आणि परत कुणी सांगितलं नाही. तेवढंच. ढग वगैरे म्हणायचा तर हाच, आणि तोही मी ढग म्हणून पाहिला नाही, बीपी म्हणून पाहिला.

आता पुस्तकाकडे.

नवव्या आठवड्यात, सप्टेंबर संपताना, तयार झालं. बांधणीबद्दल बोलायचं तर काम अव्वल. कुठंही उघडा, सपाट पडतं. उत्पत्तीच्या पहिल्या पानावरसुद्धा हात ठेवावा लागत नाही. फाटलेल्या घड्यांना लावलेल्या पट्ट्या बोटाला कळतात, डोळ्याला दिसत नाहीत. पाठ छान गोल. आतलं अस्तर जुन्या धाटणीचं, निळ्या-तांबड्या लाटांचं अबरी, ते मी मागितलंही नव्हतं. आबांचं "१९६९"चं कोरं पान जपून जागच्या जागी. वाचताना खूण म्हणून लाल फीत, पैसे न वाढवता.

दोन तक्रारी. पाठीवरच्या सोनेरी अक्षरांत "पवित्र शास्र" झालंय, त गळाला. हे मी हसून सोडलं. चाचांनी लगेच दुरुस्त करायची तयारी दाखवली होती, मीच नको म्हटलं. पुन्हा नऊ आठवडे कोण थांबणार.

दुसरी तक्रार खरी. मी "कडा कापू नका" असं तोंडी सांगितलं होतं. चाचांनी कापल्या. सूतभरच. शिवल्यावर जुज थोडे मागेपुढे होतात, कडा समतल करायला सगळेच बाइंडर कापतात. त्यांच्या हाताला ती सवय, आणि त्या दिवशी मशीनवर मुलगा होता. पण आबांनी अगदी कडेपर्यंत लिहिलेलं. डाव्या पानांवर ओळींची पहिली अक्षरं गेली, उजव्या पानांवर शेवटची. स्तोत्र १२१ सुदैवानं वाचलं. प्रेषितांची कृत्ये नाही वाचली.

सोळावा अध्याय. पौल आणि त्याचे सोबती आसियात वचन सांगायला निघतात, आत्मा अडवतो. बिथुनियाला जायला बघतात, तिथंही जाऊ देत नाही. दोन दारं बंद. त्रोवसला समुद्राशी येऊन थांबतात, आणि रात्री पौलाला एक मासेदोनियाचा माणूस दिसतो, इकडे येऊन आम्हाला मदत कर म्हणणारा. ते फिलिप्पैला जातात, आणि तिथं काय मिळतं? नदीकाठी प्रार्थनेला जमलेल्या चार बायका, आणि नंतर तुरुंग. उजव्या पानाच्या कडेला आबांची टिपण, १९७२ ची. दुष्काळाचं वर्ष, मिलो आणि सुकडी खाल्लेली मला अंधुक आठवते. आबांची बदली परतूरला झाली होती, परतूर तेव्हा परभणी जिल्ह्यात. आई नको म्हणत होती, तिथं प्यायला पाणी नाही. आता त्या टिपणीत एवढं उरलंय:

"परतूरला न
म्हणालो. तीन दि
प्रार्थना. उत्तर: जा"

आणि "जा"च्या डोक्यावरची रेघ कापलेल्या कडेपर्यंत पुढे जाते. म्हणजे पुढे अक्षर होतं. "जाऊ नको" असेल. "जावे" असेल. "जालना सोडू नये" असेल. आम्ही परतूरला गेलो एवढं मला माहीत आहे, चार वर्षं राहिलो. पण सांगून गेलो की सांगितलेलं मोडून, ते त्या सूतभर कागदात होतं, आणि तो कागद गिरणीच्या बाजूच्या कचऱ्यात गेला. आयुष्यभर ते पुस्तक घरात होतं, मी कृत्यांचं ते पान शंभरदा तरी उघडलं असेल. कडेचं कधी वाचलं नाही.

मी चाचांना फार बोलले. बाहेर गिरणीवाल्यानं पट्टा थांबवला इतकं. चाचा उलट एक शब्द बोलले नाहीत. दीडशे रुपये परत पुढे केले, मी घेतले नाहीत. त्यांनी ते पुस्तकात ठेवून पुस्तक माझ्या हातात दिलं. घरी आल्यावर सापडले.

आणि रात्री मी "जा" या अक्षराकडे बघत बसले. गिदोनाची लोकर यापेक्षा वेगळी नसते. डोळे मिटून शास्त्र उघडायचं, बोट पडेल ते आपल्याला सांगितलेलं असं धरायचं, यावर मी आयुष्यभर तरुण पोरींना रागावत आले. आणि इथं चाचांच्या मशीननं कापलेला अर्धा शब्द मी देवाचा निरोप म्हणून धरू पाहत होते. अर्धा तास धरलाही, खोटं कशाला बोलू. मग आठवलं की ठरवायचं ते त्या बाकावर, एकशेनव्वदच्या आकड्यापाशी, जवळपास ठरलेलं आहे. आता फक्त कुणाची तरी सही हवी होती, आबांची मिळाली असती तर बरं वाटलं असतं.

आबा एकदा पंडिता रमाबाईंबद्दल सांगत होते, ते याच संदर्भात डोक्यात आलं. बाईंनी केडगावात बसून साध्या बायकांना कळावं म्हणून मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून सगळं शास्त्र मराठीत आणलं. ५ एप्रिल १९२२ ला त्या वारल्या, आणि त्यांचं संपूर्ण शास्त्र बाहेर आलं १९२४ मध्ये. बांधून तयार झालेला ग्रंथ त्यांनी हातात घेतलाच नाही. आबा तेव्हा एवढंच म्हणाले होते, "बाईंनी चार्ज दिला आणि गेल्या."

सकाळी मुलाला फोन केला. एक वर्ष अंबडकडे, मग बघू, घर विकायचं नाही. तो बराच वेळ गप्प. मग म्हणाला, "तिथलं बीपीचं मशीन जुनं असेल, नवीन पाठवतो." हे चुकीचं ठरू शकतं, हे मला कळतं. पंचवीस वर्षांनी मीही खाली थरथरत्या अक्षरात काही लिहीन. त्या दिवशी गणनाच्या नवव्या अध्यायापाशी, आबांच्या बिऱ्हाडाच्या खाली, तारीख टाकून तोच एक शब्द लिहिला. कडेपासून अंगठाभर आत.

कुणाला जायचं असेल तर: शुक्रवारी दुपारी बंद. पैसे रोख. ग्रंथ कुठल्याही धर्माचा असो, जमिनीवर ठेवत नाहीत, हे मी स्वतः पाहिलंय. नाव सोनेरी अक्षरात हवं असेल तर कागदावर ठळक लिहून द्या. कडा कापायच्या नसतील तर ते पावतीवर लिहून घ्या आणि चाचांकडून मोठ्यानं वाचून घ्या. जुना पुठ्ठा परत हवा असेल तर आधीच सांगा, माझा आणला आहे, चहाच्या डागासकट.

परवा भजनांचं पुस्तक बांधायला टाकून आले. आईचं. यालाही कडांना लिहिलेलं आहे, चाचांनी न सांगता पावतीवर "कापना नक्को" लिहिलं. पावती शेजारच्या काकूंकडे ठेवली आहे, कारण १२ नोव्हेंबरपासून मी जालन्यात नसेन. कधी मिळेल, हे या वेळी विचारलं नाही. विचारलं असतं तरी तीन आठवडेच म्हणाले असते.